१९७१ ची एमजीबी घ्यावी का? जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांचा अनुभव हवा आहे

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

मी गेली अकरा वर्षे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहत आहे. उन्हाळ्यातल्या रविवारी छत उघडून निवांत चाललेल्या दोन आसनी जुन्या गाड्या इथल्या रस्त्यांवर दिसतात आणि प्रत्येक वेळी माझी मान वळते. मुलगी विद्यापीठात गेल्यापासून गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी झाली आहे, घरच्यांचाही विरोध नाही, त्यामुळे एमजीबी घेण्याचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. ही गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती, पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या आणि सुटे भाग आजही सहज मिळतात, एवढे वाचून समजले आहे.

घरापासून चाळीसेक मैलांवर १९७१ ची, गडद हिरव्या रंगाची, आऱ्यांच्या चाकांची एक गाडी विकायला आहे. रंग आरशासारखा आहे, आसनांचे चामडे नवे आहे आणि मालकाच्या म्हणण्यानुसार तीन वर्षांपूर्वी तिचे संपूर्ण काम झालेले आहे. मात्र कचेरीतले सहकारी एकमुखाने सांगतात की या गाड्यांचे तेल गळते, दिवे ऐन वेळी विझतात आणि पावसाळी सकाळी त्या सुरू होत नाहीत. यात तथ्य किती? माझा दुरुस्तीचा अनुभव म्हणाल, तर तरुणपणी स्कूटरचा प्लग आणि कार्ब्युरेटर स्वतः साफ करत असे, तेवढाच. पुढच्या शनिवारी गाडी पाहायला जायचे आहे. नेमके काय पाहावे आणि घेतल्यानंतर अशा गाडीबरोबर दिवस कसे जातात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना पाना

डोंगरवाट, शनिवारी जाताना जुने कपडे घाला आणि सोबत एक चांगली विजेरी, एक लहान लोहचुंबक व लाकडाचा एक ठोकळा न्या. माझ्याकडे १९६९ ची एमजीबी गेली चौदा वर्षे आहे. त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी की रंग आणि चामडे सर्वांत शेवटी पाहा.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी आहे, आणि वर छप्पर नसल्यामुळे पुढचा व मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचा मोठा भार दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिल्सवर येतो. प्रत्येक सिल बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोहोंच्या मधला उभा पडदा अशा थरांची असते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ या पेटीत शिरते आणि तिथेच साचून राहते. त्यामुळे गंज आतून सुरू होतो आणि बाहेर रंगावर पहिला फुगा दिसेपर्यंत आतला पडदा अनेकदा नाहीसा झालेला असतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. गाडी घेतली तेव्हा माझ्याही गाडीचा रंग आरशासारखा होता. पहिल्याच हिवाळ्यात ब्रेक पाहण्यासाठी जॅक लावून डावी बाजू चार इंच उचलली, काही आणण्यासाठी दार उघडले आणि परत लावायला गेलो तर ते बसेना. दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट, जिथे एरवी बोट फिरत होते, तिथे पत्र्याला पत्रा घासत होता. जॅक खाली घेतला आणि दार बिनतक्रार लागले. दुसऱ्या दिवशी सिलवरचा रंग खरवडला, तेव्हा खाली पुट्टीचा बोटभर जाड थर, त्याखाली गंजलेल्या सिलवरच वेल्ड करून चढवलेला नवा पत्रा आणि त्या दोहोंच्या मध्ये कुजलेल्या पानांचा ओला लगदा असे सर्व क्रमाने निघाले. विकणाऱ्याने ते केले की त्याच्याही आधीच्या कोणी, ते मला कधीच कळले नाही. दोन्ही बाजूंच्या सिल्स नव्याने बसवण्यात आठ महिने गेले. खऱ्या सिलची टोके पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या पत्र्यामागे जातात, त्यामुळे हे काम नीट करायचे तर त्या मडगार्डांचे खालचे भाग कापावेच लागतात. कोणी ते न कापता दोन दिवसांत सिल बदलून देतो म्हणाला, तर ती सिल बदललेली नसून झाकलेली आहे असे खुशाल समजावे.

म्हणून मालकाची परवानगी घ्या, सिलमधल्या जॅकच्या मूळ जागेला हात न लावता पुढच्या आडव्या तुळईखाली लाकडाचा ठोकळा ठेवून गाडी उचला, आणि उचलण्याआधी व नंतर दाराची फट बारकाईने पाहा. ती बदलली तर चहा घेऊन घरी परत या. सिलच्या खालच्या चार इंचांवर चुंबक फिरवा; जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. मग आसनांमागचा गालिचा उचलून बॅटरीच्या पेट्या पाहा. १९७१ च्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे जमिनीखाली टांगलेल्या असतात आणि त्यांच्या पेट्यांचे तळ हमखास गंजतात. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, पुढच्या टोकांचे आधारही तिथेच जवळ आहेत, तेही पाहून घ्या.

इंजिनाची काळजी त्या मानाने फार कमी करा. १७९८ घनसेंटिमीटरचे ते बिडाचे इंजिन अत्यंत टिकाऊ आहे. ते पुरते गरम झाल्यावर महामार्गाच्या वेगाला तेलाचा दाब ५० ते ८० पीएसआय आणि उभ्या गाडीत मंद चालताना १० ते २५ असावा. तेलाचे म्हणाल, तर रात्रभरात जमिनीवर दोन-चार थेंब पडणे या काळातल्या गाड्यांना नवे नाही. थेंबांचे डबके होऊ लागले तर मात्र इंजिनाचा श्वासमार्ग आधी तपासावा, कारण तो चोंदला की आतला दाब वाढतो आणि एरवी धड असलेल्या जोडांतूनही तेल बाहेर ढकलले जाते. मी अनेकांना यापायी सगळी गॅस्केट बदलताना पाहिले आहे, आणि दोष निघाला तो एका काळ्या पडलेल्या जाळीचा.

तांबडी तार

दिव्यांविषयी मी लिहितो, कारण माझे सर्व आयुष्य विजेच्या कामात गेले आणि या गाड्यांच्या वायरिंगची जी बदनामी झाली आहे तिचे मला मनापासून वाईट वाटते.

एमजीबीचे वायरिंग इतके सरळ आहे की एका कागदावर मावते आणि तारांचे रंग पाठ झाले की कागदही लागत नाही. तपकिरी तार म्हणजे कायम जिवंत, जांभळी म्हणजे कायम जिवंत पण फ्यूजमधून आलेली, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे किल्ली फिरवल्यावर पण फ्यूजमधून, निळी मोठ्या दिव्यांची, लाल लहान दिव्यांची आणि काळी ‘अर्थ’ची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली. आपल्या गाडीच्या फ्यूजपेटीत मोजून चार फ्यूज असतील आणि मोठे दिवे त्यांपैकी एकावरही नसतील. ज्यांना रात्री जायचे आहे त्यांनी त्या मार्गात स्वतंत्र फ्यूज आणि रिले बसवून घ्यावेत. काम एका दुपारचे आहे आणि दिव्यांचा उजेडही वाढतो.

दिवे विझतात याचे कारण नव्वद टक्के वेळा काळ्या तारेच्या टोकाशी सापडते, असे मी माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून सांगतो. दिव्यातून बाहेर पडलेली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते. पन्नास वर्षांत त्या स्क्रूखाली गंज चढलेला असतो आणि वर कोणीतरी प्रेमाने रंगही मारलेला असतो. मग वीज परतीची दुसरी वाट शोधते: डावा दर्शक दिवा लावला की ब्रेकचा दिवा मंद पेटतो, आणि लोक त्याला भूतबाधा म्हणतात. ‘अर्थ’ची प्रत्येक जोडणी सोडवावी, खालचा पत्रा चमकेपर्यंत घासावा, परत घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावावे. गोळीच्या आकाराच्या जोडण्या बाहेरून ठीक दिसतात, पण आतली पितळी नळी हिरवी पडलेली असते, त्यामुळे त्या ओढून पाहाव्यात. हे एकदा नीट केले की गाडी वर्षानुवर्षे तक्रार करत नाही.

एक सावधगिरी. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे, त्यानंतर ऋण. आपल्या १९७१ च्या गाडीत ऋणच असणार, पण जुन्या गाड्यांत कोणी काय फेरफार केला असेल याचा नेम नसतो. बॅटरी बसवण्यापूर्वी डोळ्यांनी खात्री करावी.

हिरवी स्पिटफायर

डोंगरवाट, एमजीबीवर थांबण्यापूर्वी ट्रायम्फ स्पिटफायर एकदा पाहून यावी असे मी सुचवेन. माझ्याकडे १९७२ ची आहे. तिला हेरल्ड या गाडीपासून घेतलेली वेगळी चासी आहे आणि मडगार्डांसकट सगळे पुढचे अंग एकसंध उचलून पुढे कलते. मी पुढच्या चाकावर बसून, मांडीवर पाना ठेवून प्लग बदलते. कंबर वाकवावी लागत नाही, हे पन्नाशीनंतर फार महत्त्वाचे वाटते. अर्थात वेगळी चासी असली तरी तिच्याही सिल्स भार घेतात, तेव्हा जुना पाना यांनी सांगितलेली परीक्षा इथेही करावीच. आणि १९७० पूर्वीची स्पिटफायर असेल तर वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडू नये, कारण तिचे मागचे चाक आतल्या बाजूला दुमडू शकते; त्यानंतरच्या गाड्यांत मागचा आडवा स्प्रिंगचा पाटा बदलून हा दोष बराच कमी केला गेला.

आपण आऱ्यांच्या चाकांचा उल्लेख केला आहे म्हणून एक गोष्ट. ही चाके दातेरी हबवर सरकवून मधल्या एकाच मोठ्या नटाने आवळतात. डाव्या बाजूच्या नटाचे आटे नेहमीसारखे आणि उजव्या बाजूचे उलटे असतात; कोणत्या दिशेने सोडायचा ते नटावर बाणासह कोरलेले असते. तांब्याच्या हातोडीनेच ठोकावा. दाते कोरडे राहिले की झिजतात, म्हणून एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. टक् असा आवाज आला तर चाक आणि हब दोन्ही बदलावे लागतील, आणि तो खर्च लहान नाही.

डोंगरवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी हिरवी गाडी पाहिली. उजव्या सिलच्या मधल्या हातभर भागावर चुंबक चिकटलेच नाही, ठोकळा ठेवून गाडी उचलल्यावर फट बदलली आणि मागचे उजवे चाक टक् म्हणाले. मालक सज्जन गृहस्थ होते; त्यांना स्वतःला याची कल्पना नव्हती आणि ते माझ्याबरोबर गाडीखाली झोपून सगळे पाहत होते. मी ती घेतली नाही.

मात्र त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरी मिळाली. १९७३ ची, फिकट पिवळी, रंग जागोजागी उडालेला, साधी पोलादी चाके, आसन एका बाजूने उसवलेले. पण ती नव्वदच्या दशकात ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीच्या नव्या बॉडीशेलवर, म्हणजे पत्र्याच्या नव्या सांगाड्यावर, बांधलेली आहे आणि त्याची सर्व बिले मालकाने फाइलमध्ये जपून ठेवली आहेत. गाडी उचलण्याआधी आणि नंतर दारे सारखीच लागतात. गाडी आता माझ्या गॅरेजमध्ये आहे.

आता नवा प्रश्न. किल्ली फिरवली की मागच्या चाकाजवळून टकटक असा आवाज काही क्षण येतो आणि थांबतो, तो पेट्रोल पंपाचा असावा. इंजिन चोक ओढून लगेच सुरू होते, पण गरम झाल्यावर मंद चालताना अडखळते आणि मागे उग्र वास येतो. कार्ब्युरेटर मी स्वतः जुळवू शकेन का?

जुना पाना

अभिनंदन! योग्य गाडी घेतलीत. एमजीबीचे बॉडीशेल मूळ साच्यांवर पुन्हा तयार करायला १९८८ मध्ये सुरुवात झाली, आणि तसा सांगाडा असलेली गाडी रंगाने कितीही विटलेली असली तरी ती पाहताच घ्यावी असे माझे मत आहे.

पंपाचे आपण बरोबर ओळखले. टकटक थांबली म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या. इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवलेली असताना तो दर काही सेकंदांनी एकेकदा वाजत राहिला, तर पेट्रोल कुठेतरी गळते आहे किंवा पंपाची झडप नीट बसत नाही. मुळीच वाजला नाही, तर आतले संपर्कबिंदू मळले आहेत. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकले की तो बहुधा घरापर्यंत पोहोचवतो. मला सुरुवातीला या आवाजाचा त्रास वाटे. आता किल्ली फिरवल्यावर तो ऐकल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

कार्ब्युरेटर आपण नक्की जुळवू शकाल, आणि जुळवावाच. आपल्या गाडीत एसयू या कंपनीचे दोन आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावरच्या घुमटात एक दट्ट्या असतो. इंजिन जितकी हवा ओढते तितका तो वर जातो आणि त्याच्या खालची निमुळती सुई तेवढेच पेट्रोल सोडते. आधी घुमटाचे टोपण काढून आतल्या पोकळ दांड्यात विसाच्या घनतेचे तेल आहे का ते पाहा. ते नसले तर ॲक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी आचका देते.

मग इंजिन पुरते गरम करा. एअर फिल्टर काढा, हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा. आत जाणाऱ्या हवेचा सूं असा आवाज येईल. तोच दुसऱ्याशी ऐका. दोन्ही आवाज एकाच पट्टीत येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवा. त्यानंतर कार्ब्युरेटरच्या पोटाशी असलेली बारीक पिन बोटाने जेमतेम उचला, मिलिमीटरही नको. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बसू लागले तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले तर ते बरोबर आहे. खालचा षट्कोनी नट एका वेळी एकच पैलू फिरवा, वर नेला की पेट्रोल कमी होते. आपल्याकडे उग्र वास आहे म्हणजे तो वर न्यावा लागेल असा माझा अंदाज आहे, पण पिनचे उत्तर ऐकूनच काय ते ठरवा.

चौथा गिअर

कागदपत्रांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. गाडी चाळीस वर्षांहून जुनी असल्यामुळे ऐतिहासिक वर्गात नोंदवली की तिला रस्ताकर लागत नाही, पण तो वर्ग आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. याच वर्गामुळे लंडनच्या अतिकमी उत्सर्जन क्षेत्राचे शुल्कही माफ होते. मे २०१८ पासून अशा गाड्यांना, मोठे फेरफार झालेले नसतील तर, वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य आहे का या तपासणीची सक्ती नाही. तरीही मी दर वर्षी ती करून घेतो, कारण गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आपलीच असते आणि खालून पाहणारे दुसऱ्याचे डोळे उपयोगी पडतात. सप्टेंबर २०२१ पासून इथले साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे आहे, आणि ते जुन्या रबरी नळ्या खाते. आपण महाग असले तरी ई-५ चे, म्हणजे कमी इथेनॉलचे, सुपर पेट्रोलच भरावे आणि नळ्या मात्र नव्याच घालाव्यात.

ओव्हरड्राइव्ह आहे का? तो त्या काळी जादा पैसे भरून घ्यावा लागे. तो असेल तर ताशी ७० मैलांना इंजिनाचे फेरे सुमारे ३९०० वरून ३२०० वर येतात आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येते.

पण महामार्गासाठी ही गाडी घेऊ नये. बक्स्टनहून मॅकल्सफील्डकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर भल्या सकाळी जा. तिथे ताशी ५० मैलांची मर्यादा आहे आणि या गाडीला तेवढे भरपूर होते. तिसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरताना स्टिअरिंगच्या चक्रातून पुढच्या चाकांखालचा रस्ता हाताला कळतो, गवताचा आणि ओल्या दगडाचा वास येतो, समोरून दुसरी एमजी आली तर चालक हात उंचावतो. पेट्रोल भरायला थांबलात तर दहा मिनिटे जास्तीची धरा. कोणीतरी जवळ येतेच, बॉनेटवर हात ठेवते आणि वडिलांकडे अशीच होती म्हणून सांगू लागते. मी अशा वेळी त्यांना आत बसायला सांगतो.

डोंगरवाट

पिन उचलली, वेग वाढला आणि तसाच राहिला. दोन्ही नट दोन-दोन पैलू वर नेले. आता मंद चालताना अडखळणे थांबले आहे आणि वासही गेला. ओव्हरड्राइव्ह आहे आणि चालतो. काल सकाळी मुलगी घरी आली होती, तिला घेऊन बक्स्टनच्या रस्त्याने जाऊन आलो. येताना पाऊस लागला, छत चढवायला आम्हा दोघांना सात मिनिटे लागली.

आज पाहिले तर डाव्या पायाखालचा गालिचा चिंब आहे. दाराचे रबर कोरडे आहे. पाणी येते कुठून?

जुना पाना

काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे जी हवेची जाळी आहे तिच्यातून पावसाचे पाणी आत जातेच. ते बाहेर सोडणारी एक रबरी नळी गिअरबॉक्सच्या बोगद्यात खाली उतरते आणि तिच्यात पाने साचली की पाणी हीटरवाटे पायांशी येते. गाडीखाली जाऊन त्या नळीचे टोक चिमटून पाहा, आणि तोंड वर करून झोपू नका.